क्लाव्हियस मास्तरांचा पाऊण तास

आठवणींचे लेख भरपूर आले आहेत, तू काहीतरी वेगळे लिही, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा मला एका गणिताच्या मास्तरांचे चरित्र लिहावेसे वाटले. हे मास्तर आपल्या शाळेतले नाहीत. त्यांना जाऊन चारशेहून अधिक वर्षे झाली आणि त्यांनी शिकवले ते रोममध्ये, लॅटिन भाषेत. नाव क्रिस्टोफर क्लाव्हियस.

आपल्यापैकी जे इंजिनिअरिंगला गेले त्यांनी पहिल्या वर्षी सी भाषेत लीप वर्ष ओळखण्याचा प्रोग्रॅम लिहिला असेल. सालाला चारने भाग जातो का, शंभरने जातो का, चारशेने जातो का. मी वीसेक वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्या तीन अटी आजही कुठल्या ना कुठल्या रूपात माझ्या कामात येतातच. त्या अटींमागे जी माणसे उभी आहेत त्यांत हे मास्तर होते. कॅलेंडरच्या वाटेने मी त्यांच्यापर्यंत पोहोचले, पण वाचत गेले तशी त्यांची दुसरीच लढाई मला जास्त जवळची वाटू लागली. कॉलेजात गणिताला आणि गणित शिकवणाऱ्याला इतरांच्या बरोबरीची खुर्ची मिळावी, यासाठी हा माणूस भांडला. आपल्या सर-बाईंना हे चरित्र आवडेल असे मला वाटते ते त्यामुळेच.

क्लाव्हियस यांचा जन्म २५ मार्च १५३८ रोजी जर्मनीतल्या बामबर्ग इथला. सतराव्या वर्षी, म्हणजे १५५५ साली, ते रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. येशूसंघ म्हणजे जेझुइट. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्यांनी काढले त्याच परंपरेतले हे धर्मगुरू. संघ स्थापन होऊन तेव्हा पंधराच वर्षे झाली होती आणि संस्थापक इग्नेशियस लोयोला अजून हयात होते. मार्टिन ल्यूथरच्या बंडानंतर ख्रिस्ती युरोप कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा दुभंगला होता. अशा वेळी येशूसंघाने एक काम अंगावर घेतले ते शिक्षणाचे. १५५१ साली रोममध्ये त्यांनी विनाशुल्क शाळा सुरू केली. तिचेच पुढे कोलेजिओ रोमानो झाले, आणि पन्नास वर्षांच्या आत संघाची अशी दोनशेहून अधिक कॉलेजे युरोपात आणि युरोपाबाहेर उभी राहिली. एका कॉलेजात काय शिकवतात याचा परिणाम किती दूर जाऊ शकत होता, हे यावरून लक्षात यावे.

कोवळ्या क्लाव्हियसना संघाने पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठात शिकायला पाठवले. तिथे २१ ऑगस्ट १५६० रोजी त्यांनी खग्रास सूर्यग्रहण पाहिले. भर दिवसा इतका अंधार झाला की पाऊल कुठे पडते ते दिसेना, तारे दिसू लागले आणि घाबरलेले पक्षी जमिनीवर आले, असे त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. सात वर्षांनी रोममध्ये त्यांना दुसरे ग्रहण दिसले. त्या वेळी चंद्राभोवती प्रकाशाची एक बारीक कड उरली होती, अशी नोंद त्यांनी केली. पाहिले ते लिहून ठेवायचे, ही सवय त्यांना होती. त्या नोंदींचा उपयोग आजचे खगोलशास्त्रज्ञही जुन्या ग्रहणांच्या अभ्यासासाठी करतात. गणित मात्र ते बरेचसे आपले आपणच शिकले. कोइंब्राहून परत आल्यावर त्यांनी रोममध्ये धर्मशास्त्र पुरे केले, धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि १५६० नंतरच्या दशकात ते कोलेजिओ रोमानोत गणित शिकवू लागले. मधले थोडे खंड सोडले तर पुढचे सगळे आयुष्य त्याच कॉलेजात गेले.

आता त्या कॉलेजात गणिताची जागा काय होती ते पाहू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

लिबरल आर्ट्स म्हटले की आज आपल्याला बी. ए. आठवते. दहावीला मार्क कमी पडले की आर्ट्सला जायचे, अशी आपल्या वेळची समजूत होती. मध्ययुगीन युरोपात या शब्दाखाली सात विद्या येत: व्याकरण, वक्तृत्व आणि तर्क या तीन, आणि अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार. म्हणजे सातांपैकी चार विद्या गणिताच्या घरच्या. संगीतसुद्धा त्यांतच, कारण स्वरांची प्रमाणे हा गणिताचा विषय मानला जाई. कागदावर गणिताचे स्थान असे भक्कम होते. प्रत्यक्षात येशूसंघाच्या कॉलेजात मुलगा आधी लॅटिन आणि ग्रीक व्याकरण शिके, मग काव्य आणि वक्तृत्व, मग तीन वर्षे अ‍ॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान, आणि ज्याला धर्मगुरू व्हायचे तो त्यापुढे धर्मशास्त्र. ही सगळी एकावर एक चढत जाणारी शिडी होती आणि तिच्या टोकाला धर्मशास्त्र होते. श्रद्धा आणि बुद्धी यांत मुळात वैर नाही, जगाचे नीट ज्ञान हे शेवटी ईश्वराकडेच नेते, ही कॅथलिक ज्ञानपरंपरेची बैठक. या शिडीत गणित कुठे तरी बाजूला टेकवून ठेवलेले होते. ते शिकवणाऱ्याला तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा मान नव्हता. कॉलेजात जाहीर वादसभा होत, पदवीदानाचे समारंभ होत, त्यांत गणिताच्या शिक्षकाला सहसा बोलावणे नसे.

मानापमानाच्या या प्रश्नाला तात्त्विक आधारही होता. कोलेजिओ रोमानोतच बेनेडिक्ट पेरेरा नावाचे एक नावाजलेले स्पॅनिश तत्त्वज्ञ शिकवत. गणित ही खऱ्या अर्थाने विद्याच नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा युक्तिवाद इतका चलाख आहे की तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते एखादी गोष्ट का आहे त्याचे कारण कळले तरच ते खरे ज्ञान. आता त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन होते, हे प्रमेय घ्या. आपण ते फळ्यावर कसे सिद्ध करत होतो? त्रिकोणाची एक बाजू पुढे वाढवायची, समांतर रेषा काढायची, बाहेरचा कोन घ्यायचा. पेरेरा विचारतात की ही वाढवलेली रेषा त्या बेरजेचे कारण आहे का? रेषा काढली नाही तरी बेरीज तेवढीच असते. म्हणजे सिद्धता खरी असली तरी ती कारण सांगत नाही, आणि कारण सांगत नाही ती विद्या नव्हे.

भूमितीच्या तासाला हा प्रश्न कुणी विचारला असता तर सर काय म्हणाले असते, याचा मी कितीदा विचार केला आहे. प्रश्न मूर्ख नाही. पण त्याचा परिणाम असा होत होता की तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक भर वर्गात मुलांना सांगत, गणिताकडे फार लक्ष देऊ नका. आणि मुले ऐकत.

क्लाव्हियस यांनी याला दोन बाजूंनी उत्तर दिले. पहिले उत्तर पुस्तकाचे. १५७४ साली त्यांनी युक्लिडच्या भूमितीची आपली आवृत्ती काढली. हे नुसते भाषांतर नव्हते. जुन्या टीकाकारांचे म्हणणे, स्वतःच्या सिद्धता, पर्यायी रीती, सगळे त्यात होते. पहिल्याच प्रमेयाची सिद्धता त्यांनी तर्कशास्त्राच्या साच्यात एकेक पायरी सोडवून दाखवली. तत्त्वज्ञ ज्या तर्काचा अभिमान बाळगतात तोच इथे पायरीपायरीने चालतो, गणिती माणूस लांबण लागते म्हणून तो सगळा लिहीत बसत नाही एवढेच, हा त्यामागचा टोला. प्रस्तावनेत त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. तत्त्वज्ञानात एकेका प्रश्नावर इतके पंथ आणि इतकी मते आहेत की विद्यार्थ्याला कुणाचे खरे मानावे कळत नाही. भूमितीत सिद्ध झालेले प्रमेय सर्वांना सारखेच मान्य करावे लागते. मग जास्त भरवशाची विद्या कोणती?

दुसरे उत्तर त्यांनी संघाच्या वरिष्ठांकडे टिपणांच्या रूपाने पाठवले. १५८० च्या सुमाराची ही टिपणे म्हणजे आजच्या भाषेत शिक्षक संघटनेचे निवेदन वाटावे अशी आहेत. गणिताच्या शिक्षकाला वादसभांना आणि समारंभांना इतरांबरोबर बसवा. मुले जेव्हा पाहतात की हे मास्तर कुठेच नसतात तेव्हा विषयाची किंमत त्यांच्या मनात आपोआप उतरते. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना वर्गात गणिताची टिंगल करण्यापासून आवरा. हुशार मुले निवडून त्यांना गणिताचे खास उच्च शिक्षण द्या, म्हणजे उद्या प्रत्येक प्रांतातल्या कॉलेजाला शिक्षक मिळतील. आणि एक व्यवहारी मुद्दा: मोठ्या लोकांच्या बैठकीत गणिताचा किंवा खगोलाचा विषय निघाला की आपल्या संघाची माणसे गप्प बसतात, ही शोभेची गोष्ट नाही. त्यांना ही अडचण माणसांची वाटत होती. अभ्यासक्रमात विषय असून भागत नाही, तो शिकवणारा माणूस घडवावा लागतो आणि त्याला मान द्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

याच काळात कॅलेंडरचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या शब्दाला वजन चढले.

ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात दर चार वर्षांनी लीप वर्ष येई. त्यामुळे वर्ष सरासरी ३६५ दिवस ६ तासांचे होई, आणि ऋतूंचे खरे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ११ मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात २१ मार्चवरून सरकून ११ मार्चला आला होता. चर्चला याची चिंता ईस्टरमुळे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणजे सूर्य आणि चंद्र दोघांचा मेळ घालणे आले. आपल्या पंचांगात अधिकमास घालून हा मेळ बसवतात, त्यामुळे आपल्याला यातली अडचण लगेच कळते. पोप तेरावा ग्रेगरी याने नेमलेल्या समितीसमोर जी योजना आली ती कालाब्रियातल्या लुइजी लिलिओ नावाच्या वैद्याची होती. लिलिओ १५७६ साली वारला आणि त्याच्या भावाने हस्तलिखित पुढे आणले. क्लाव्हियस समितीतले गणिती. योजना तपासणे आणि मग जगाला समजावून सांगणे हे मुख्यतः त्यांच्या वाट्याला आले.

साचलेले दहा दिवस काढायचे कसे, यासाठी दोन पर्याय होते. एकदम दहा तारखा गाळायच्या, किंवा चाळीस वर्षे लीप दिवस न घेता हळूहळू फरक भरून काढायचा. माझ्या क्षेत्रातल्या मंडळींना हा पेच फार ओळखीचा वाटेल; जुनी प्रणाली एका रात्रीत बंद करायची की टप्प्याटप्प्याने, यावर आम्ही आठवडेच्या आठवडे बैठका घेतो. तिथे ठरले की एका रात्रीत. ४ ऑक्टोबर १५८२, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. स्पेनमधली संत तेरेसा त्याच रात्री वारली, म्हणून तिच्या मृत्यूची तारीख ४ आणि दफनाची दुसऱ्याच दिवशीची १५. पुढे फरक साचू नये म्हणून चारशे वर्षांतली तीन लीप वर्षे कमी केली: १७००, १८००, १९०० नाही, २००० आहे. २९ फेब्रुवारी २००० हा दिवस आपण बहुतेकांनी कॉलेजात असताना पाहिला. शतकाच्या शेवटच्या वर्षात आलेला १६०० नंतरचा तो पहिलाच लीप दिवस होता. या हिशोबात एक दिवस चुकायला आता सुमारे तीन हजार वर्षे लागतील.

प्रोटेस्टंट देशांनी हे मानले नाही. आउग्सबुर्ग शहरात तर कॅलेंडरवरून दंगल झाली. केप्लरचे गुरू मेस्टलिन, इतिहासकालाचे गाढे अभ्यासक स्कॅलिजर, फ्रेंच गणिती व्हिएत, अशा मोठमोठ्यांनी टीका केली, आणि क्लाव्हियस प्रत्येकाला लेखी उत्तर देत बसले. १६०३ साली त्यांनी सगळ्या पद्धतीचा खुलासा करणारा जाडजूड ग्रंथच छापला. इंग्रजांनी हे कॅलेंडर घेतले ते १७५२ साली. याचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरातली आहे. त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी रायगडावर हजर होता. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा तोच दिवस गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या कॅलेंडरात १६ जून होता. तारखेने की तिथीने हा वाद आपण दरवर्षी ऐकतो, पण मुळात तारीख कुणाच्या कॅलेंडरातली, हाही प्रश्न त्यात दडलेला आहे.

कॅलेंडरचे यश गाठीशी असूनही अभ्यासक्रमाच्या लढाईत त्यांना अर्धेच मिळाले. येशूसंघाच्या सर्व कॉलेजांसाठी एकच शिक्षणसंहिता करायचे काम वर्षानुवर्षे चालले होते. १५८६ च्या पहिल्या मसुद्यात क्लाव्हियस यांच्या बऱ्याच सूचना होत्या. १५९९ साली अंतिम संहिता निघाली, तिला रातिओ स्तुदिओरुम म्हणतात, आणि तिच्यात त्या छाटल्या गेल्या. तत्त्वज्ञानाच्या वर्गातल्या मुलांना गणिताच्या प्राध्यापकाने रोज सुमारे पाऊण तास युक्लिड शिकवावा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एखाद्या विद्यार्थ्याने तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राच्या मंडळींसमोर एक नामांकित गणिती प्रश्न सोडवून दाखवावा. बस. ज्यांना विशेष गती आहे त्यांच्यासाठी कोलेजिओ रोमानोत क्लाव्हियस यांचा खास वर्ग चालू राहिला, तेवढाच.

आपल्या कॉलेजचे वेळापत्रक लावणाऱ्या कुणालाही विचारा, पाऊण तास मिळवायला किती घासाघीस करावी लागते ते. पण शेकडो कॉलेजांत, रोज, पिढ्यानपिढ्या मिळालेला पाऊण तास ही थोडी गोष्ट नाही. फ्रान्समधल्या ला फ्लेश इथल्या अशाच एका कॉलेजात देकार्त नावाचा मुलगा शिकत होता. आपण अकरावीला ज्याच्या नावाचे अक्ष आणि निर्देशक शिकलो तोच हा. त्याच्या गणिताची सुरुवात क्लाव्हियस यांच्या पुस्तकांवर झाली.

पुस्तके तर ते लिहीतच राहिले. सूर्यघड्याळांवर, अंकगणितावर, अ‍ॅस्ट्रोलॅब या ताऱ्यांच्या यंत्रावर, व्यवहारी भूमितीवर, आणि सत्तरीत बीजगणितावर. अ‍ॅस्ट्रोलॅबवरच्या १५९३ च्या ग्रंथातल्या एका कोष्टकात दशांशचिन्हाचा टिंब दिसतो; असा टिंब छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते आहे. मोठा नवा सिद्धांत त्यांच्या नावावर नाही. ते शिक्षक होते आणि पाठ्यपुस्तके लिहीत होते. आमच्या धंद्यातही नवी भाषा शोधणाऱ्याचे नाव होते, आणि तिचे सरळ, बिनचूक माहितीपुस्तक लिहिणारा माणूस कुणाला माहीत नसतो. काम मात्र सगळ्यांचे त्याच्यावर चालते.

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एकाचा उल्लेख मला करायलाच हवा, कारण तो आपल्या शेजारी राहून गेला. मात्तेओ रिच्ची हा इटालियन तरुण क्लाव्हियस यांच्याकडे शिकला आणि सप्टेंबर १५७८ मध्ये गोव्यात उतरला. गोव्याच्या कॉलेजात आणि कोचीनला त्याने काही काळ शिकवले. गोव्यातल्या त्या काळच्या धर्मसत्तेचा इतिहास आपल्याला माहीत आहे. १५६० पासून तिथे इन्क्विझिशन होते. त्याच गोव्यात संघाच्या वरिष्ठांनी ठरवले की स्थानिक हिंदी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राच्या वरच्या वर्गांत बसवू नये, कारण जास्त शिकले की ते गर्विष्ठ होतील आणि लहान गावांतली सेवा त्यांना नको वाटेल. एकोणतीस वर्षांच्या रिच्चीने १५८१ साली रोमला संघप्रमुखांना पत्र लिहून याला विरोध केला. हाच युक्तिवाद युरोपातल्या मुलांनाही लावता येईल, तिथे तर कुणी त्यांना शिकण्यापासून अडवत नाही, आणि इथली मुले कितीही शिकली तरी गोऱ्या लोकांत त्यांना फारसा मान मिळत नाहीच, असा त्याचा आशय होता. कोणत्या विषयाला बसायला जागा मिळावी हा गुरूचा प्रश्न होता. कोणत्या मुलाला मिळावी हा शिष्याने विचारला. शिडी ज्यांनी बांधली त्यांनीच काहींना खालच्या पायरीवर थांबवायचे ठरवले होते, हे त्या परंपरेविषयी लिहिताना गाळून चालणार नाही.

रिच्ची पुढे चीनला गेला. तिथे शू ग्वांगछी या विद्वान अधिकाऱ्याबरोबर त्याने क्लाव्हियस यांच्या युक्लिडची पहिली सहा पुस्तके चिनी भाषेत आणली; १६०७ साली ती बीजिंगमध्ये छापली गेली. त्या पुस्तकाच्या नावातला शब्द आजही चिनी भाषेत भूमितीसाठी वापरतात. क्लाव्हियस हे नाव लॅटिनमधल्या खिळ्याच्या शब्दासारखे वाटते, म्हणून रिच्चीने गुरूचे चिनी नाव ठेवले डिंग, म्हणजे खिळा. चीनमध्ये कधीही न गेलेले मास्तर तिथे खिळे गुरुजी म्हणून ओळखले गेले.

आता गॅलिलिओ. १५८७ साली तेवीस वर्षांचा, नोकरीच्या शोधातला गॅलिलिओ रोममध्ये क्लाव्हियस यांना भेटला. त्याच्या एका सिद्धतेत जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले गेले आहे, अशी शंका मास्तरांनी नंतर पत्रातून काढली. पण ओळख टिकली. मार्च १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेल्या गोष्टी छापल्या: गुरूभोवती फिरणारे चार चंद्र, आपल्या चंद्रावरचे डोंगर. क्लाव्हियस तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. आयुष्यभर त्यांनी पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे असे शिकवले होते. कोपर्निकसच्या गणिताची त्यांना कदर होती, सिद्धांत मान्य नव्हता. सुरुवातीला त्यांनी थट्टाच केली, की आधी दुर्बिणीत चंद्र बसवायचे आणि मग बघायचे, अशा अर्थाची. कॉलेजची दुर्बीणही सुमार होती. मग कॉलेजातल्याच पाओलो लेंबो यांनी चांगली दुर्बीण तयार केली, रात्री पाहणे सुरू झाले, आणि वर्ष संपता संपता गुरूचे चंद्र त्यांना दिसले. क्लाव्हियस यांनी डिसेंबरमध्ये गॅलिलिओला पत्राने तसे कळवले.

एप्रिल १६११ मध्ये कार्डिनल बेलार्मिन यांनी कॉलेजच्या गणितींना लेखी विचारले, की या माणसाने सांगितलेले खरे आहे का. पाचच दिवसांत उत्तर गेले, क्लाव्हियस आणि तीन सहकाऱ्यांच्या सहीचे. गुरूचे चंद्र खरे. शुक्राच्या कला खऱ्या. आकाशगंगेत डोळ्यांना न दिसणारे असंख्य तारे, हेही खरे. फक्त चंद्राच्या पृष्ठभागावर दुमत होते. इतरांना तो खडबडीत वाटत होता, फादर क्लाव्हियस यांना वाटत होते की पृष्ठभाग सपाटच आहे, आतला पदार्थ कुठे दाट कुठे विरळ असल्याने तसा दिसतो. दोन्ही मते नावानिशी कागदावर आली. मला हा कागद फार आवडतो. सगळी हयात ज्या विश्वचित्रात घालवली त्याला तडा देणाऱ्या निरीक्षणांवर त्र्याहत्तराव्या वर्षी सही करायची, आणि जे अजून पटले नाही ते पटले असेही म्हणायचे नाही. पुढच्याच महिन्यात कोलेजिओ रोमानोने गॅलिलिओचा जाहीर सत्कार केला. आपल्या समग्र ग्रंथांच्या शेवटच्या आवृत्तीत क्लाव्हियस यांनी या शोधांची नोंद घेतली आणि आता आकाशाची मांडणी कशी करायची याचा खगोलज्ञांनी विचार करावा, असे लिहिले. फेब्रुवारी १६१२ मध्ये ते वारले. चार वर्षांनी चर्चने कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी घातली आणि १६३३ मध्ये गॅलिलिओवर खटला चालला. ते पाहायला मास्तर नव्हते.

पेरेरांचा पक्ष आज उरलेला नाही. गणित शिडीच्या टोकाला जाऊन बसले आहे, आणि खाली कोण आहे ते आपल्याला माहीत आहे. दहावीच्या वर्षी चित्रकलेचा आणि पीटीचा तास गणित-विज्ञानाला देऊन टाकायची पद्धत कितीतरी शाळांत होती, आजही आहे. क्लाव्हियस यांचे ते निवेदन आज एखाद्या संगीताच्या किंवा चित्रकलेच्या बाई विषयाचे नाव बदलून जसेच्या तसे देऊ शकतील. मी स्वतः गणिताच्या बाजूची, त्यामुळे हे लिहिताना थोडे अवघडते. पण इंजिनिअरिंगला कंपायलर हा विषय आला, आणि प्रोग्रॅमचे वाक्य फोडून त्याचे झाड कसे काढायचे ते सर शिकवू लागले, तेव्हा वर्गात मला ते सर्वांत आधी कळले. आठवीत मराठीच्या बाईंनी वाक्यपृथक्करण इतके घोटून घेतले होते की उद्देश्य आणि विधेय वेगळे करणे हाताला सवयीचे झाले होते. व्याकरण आणि भूमिती एकाच घरच्या सात बहिणींपैकी आहेत, हे जुन्या लोकांना ठाऊक होते.

चंद्राच्या दक्षिण भागात सुमारे २३० किलोमीटर रुंदीचे एक प्रचंड विवर आहे. १६५१ साली रिच्चोली या येशूसंघाच्याच खगोलज्ञाने चंद्राच्या नकाशात त्याला क्लाव्हियसचे नाव दिले. चंद्र खडबडीत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या नावे चंद्रावरच्या सर्वांत मोठ्या खड्ड्यांपैकी एक! २०२० साली नासाने सूर्यप्रकाशातल्या चंद्रपृष्ठावर पाण्याचे रेणू सापडल्याचे जाहीर केले, तेही याच विवरात. शुद्ध नवमी-दशमीच्या सुमारास, उजेड आणि अंधार यांच्या सीमेजवळ ते उत्तम दिसते. लहानशी दुर्बीण पुरते. नीट पाहिले तर आत आणखी काही विवरे कमानीसारखी मांडलेली दिसतात, मोठ्याकडून लहानाकडे, ओळीने.